बनावट विक्रीला वीज लागत नाही

आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत तळमजल्यावर एक काका राहतात. मूळचे दिवागावचे. रबाळ्याच्या एका केमिकल कारखान्यात पंचवीसेक वर्षं ईटीपीवर होते, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी बाहेर सोडण्याआधी जिथे साफ करतात त्या प्लांटवर. निवृत्तीनंतर पीएफमधले थोडे पैसे त्यांनी शेअरमध्ये घातले, आणि मी अकाउंट्समध्ये नोकरी करते हे कळल्यापासून निकालांचा हंगाम आला की आमची बेल वाजते.

मे महिन्यात आले ते वैतागूनच. "अगं, नफा बावीस टक्क्यांनी वाढला म्हणतात आणि शेअर सहा टक्के पडला! हा कुठला न्याय?"

"काका, लोकांनी किती वाढेल असं धरलं होतं?"

ते त्यांनी पाहिलं नव्हतं. बहुतेकजण पाहत नाहीत. १९६८ मध्ये रे बॉल आणि फिलिप ब्राउन या दोन अभ्यासकांनी अमेरिकी कंपन्यांचे नफे आणि शेअरचे भाव शेजारीशेजारी मांडून पाहिले. वर्षाच्या नफ्यात जी काही बातमी असते, तिच्यातला मोठा हिस्सा निकालाच्या दिवसाआधीच भावात मुरलेला असतो, असं त्यांना आढळलं. निकालाच्या दिवशी भाव हलतो तो उरलेल्या, अनपेक्षित भागामुळे.

आता समजा दोन कंपन्या आहेत. दोघींचा शेअरमागे दहा रुपये नफा होईल असं सगळ्यांनी धरलंय, आणि दोघींनी बारा जाहीर केला. पहिलीचा भाव तीस रुपयांनी चढतो, दुसरीचा जेमतेम चार. वरचे दोन रुपये दोन्हीकडे सारखेच, पण पहिलीचे दोन रुपये पुढच्या वर्षीही येतील असं लोकांना वाटतं आणि दुसरीचे वाटत नाही. अनपेक्षित नफ्याच्या एका रुपयामागे भाव किती हलतो या मापाला अभ्यासक अर्निंग्ज रिस्पॉन्स कोइफिशंट म्हणतात. काकांना मी सांगितलं की नाव विसरा, नफ्याच्या रुपयाला बाजार किती पैसे देतो एवढं लक्षात ठेवा.

दुसरीच्या रुपयाला कमी पैसे का? कारणं बरीच असतात. ठाण्यातल्यांना त्यातलं एक लगेच समजेल. कोलशेत, माजिवडा, पोखरण रोड या पट्ट्यात एकेकाळी कारखाने होते, तिथे आता टॉवर आहेत. ज्या वर्षी एखादी कंपनी अशी जागा विकते, त्या वर्षी तिचा नफा दणदणीत दिसतो. पण जागा एकदाच विकता येते.

याहून अवघड कारण नफ्याच्या पोटातच असतं. नफा हा गल्ल्यात मोजलेल्या नोटांसारखा आकडा नाही. यंत्र दहा वर्षं चालेल की पंधरा, उधारीतले किती पैसे बुडतील, कोर्टात चाललेल्या दाव्यात किती भरावे लागतील, हे सगळं अंदाजाने ठरवून मग खाली एक रक्कम येते. पंधरा वर्षं धरली तर घसारा, म्हणजे यंत्राच्या झिजेपोटी दर वर्षी धरायचा खर्च, कमी, म्हणून नफा जास्त. तरतूद, म्हणजे पुढच्या देण्यासाठी आधीच वजा करायची रक्कम, टाळली, नफा जास्त. यातलं बरंचसं नियमात बसवून करता येतं. मी स्वतः मार्चअखेरीला "अजून थोडं कुठे बसतंय का बघा" हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की गुंतवणूकदार संशय घेतात याचं मला नवल वाटत नाही.

म्हणून काकांना मी सुचवलं की नफ्याचा आकडा पडताळायचा तर वार्षिक अहवालातली पर्यावरणाची पानंही बघा. आता यात पर्यावरणाचा काय संबंध, असं काकांनीही विचारलं. त्यांचा समज असा की वार्षिक अहवालातली ती हिरव्या पानांची आणि रोपं लावणाऱ्या मुलांची छायाचित्रं म्हणजे शोभेचा भाग. छायाचित्रांबद्दल माझंही तेच मत आहे. पण त्यांच्यामागे काही पानांवर कोष्टकं असतात, ती वाचण्यासारखी असतात.

पहिला संबंध सरळ आहे. प्रदूषणाचं बिल उशिरा येतं. कंपनी आज नफा दाखवते, पण तो मिळवताना माती, पाणी किंवा माणसांचं जे नुकसान झालं त्याचा खर्च कुठल्याच खात्यात नसतो. हिशेबाचं मानक, आपल्याकडे इंड एएस ३७, असं सांगतं की देणं लागतंय, पैसे जाण्याची शक्यता जास्त आहे आणि रकमेचा भरवशाचा अंदाज करता येतो, तरच नफ्यातून तरतूद वजा करा. नाहीतर शेवटी टिपांमध्ये 'आकस्मिक देयता' म्हणून नोंद करा. ती टीप कोण वाचतं! पण प्रदूषण मंडळाबरोबरचे, हरित लवादातले दावे अनेकदा तिथेच सापडतात.

कोलशेतचंच पुन्हा घेऊ. जुन्या रासायनिक कारखान्याखालची माती खराब असेल तर ती साफ कोणी करायची, हा प्रश्न आपल्याकडे बराच काळ अधांतरी होता. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले आणि सफाईच्या खर्चाची जबाबदारी दूषित करणाऱ्यावर ठेवण्याची रीत घालून दिली. माती तीच, पण जुने प्लांट असलेल्या कंपन्यांचा ताळेबंद वाचताना आता एक प्रश्न जास्त विचारावा लागतो.

उशिरा येणारं बिल केवढं असू शकतं? ब्राझीलमधल्या वाले या खाण कंपनीचं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं, कारण त्यात अपघात आहे तसाच अहवालही आहे. लोहखनिज धुतल्यावर उरणारा चिखल ही कंपनी धरणं बांधून साठवते. २०१५ मध्ये मारियाना इथलं असं एक धरण फुटलं. ज्या कंपनीचं ते होतं, तिच्यात वाले भागीदार होती. १९ माणसं गेली. 'मारियाना पुन्हा नाही' अशी घोषणा झाली. २५ जानेवारी २०१९ रोजी ब्रुमादिन्यु इथलं वालेचं स्वतःचं धरण फुटलं आणि २७० माणसं गेली. त्याआधी काही महिने एका नामांकित जर्मन तपासणी संस्थेच्या ब्राझीलमधल्या शाखेने धरण स्थिर असल्याचा दाखला दिला होता, आणि धरणं सुरक्षित असल्याचं कंपनी आपल्या शाश्वतता अहवालांतून गुंतवणूकदारांना सांगत होती. पुढच्या सोमवारी शेअर एका दिवसात सुमारे २४ टक्के कोसळला. २०१८ मध्ये सुमारे ६.९ अब्ज डॉलर नफा दाखवणारी कंपनी २०१९ मध्ये सुमारे १.७ अब्ज डॉलर तोट्यात गेली.

पुढे अमेरिकेच्या एसईसीने, म्हणजे तिथल्या सेबीने, एप्रिल २०२२ मध्ये वालेवर खटला भरला. धरण फुटलं यासाठी नव्हे, तर धरणांविषयी गुंतवणूकदारांना खोटं सांगितलं यासाठी. मार्च २०२३ मध्ये ५ कोटी ५९ लाख डॉलर भरून तो मिटला. वालेच्या आकाराच्या कंपनीला ही रक्कम किरकोळ. पण पर्यावरणाच्या पानांवरचं वाक्य हेही नफ्याच्या आकड्याइतकंच गंभीर विधान आहे, असं एका बाजार नियामकाने मानलं. मग मागे वळून २०१८ चा तो नफा पाहिला तर तो खरा होता का? रुपया-पैशात बरोबर होता. फक्त ते धरण त्यात धरलेलं नव्हतं.

इथपर्यंत काकांना सगळं पटलं. दुसरा संबंध त्यांना जास्त आवडला, कारण तो त्यांच्या कामातला निघाला.

कारखान्यात माल बनला की वीज जळते, पाणी लागतं, गाळ निघतो. ही पैशाच्या वहीशेजारी चालणारी दुसरी वही आहे, आणि ती एकट्या अकाउंट्सच्या हातात नसते. वीज महावितरणच्या मीटरवर मोजली जाते. पाणी एमआयडीसी मोजून देते आणि बिल लावते. घातक कचरा तळोज्याच्या साइटला पाठवायचा तर फॉर्म १० भरावा लागतो, त्याच्या सात रंगांच्या सात प्रती निघतात आणि वेगवेगळ्या हातांत जातात. विक्रीची खोटी बिलं एका टेबलावर बसून करता येतात. पण त्या विक्रीइतकी वीज, पाणी आणि गाळ खोटा दाखवायचा तर बाहेरच्या तीन-चार ठिकाणी कागद जुळवावे लागतील. बनावट विक्रीला वीज लागत नाही, आणि म्हणूनच ती पकडता येते.

ही युक्ती काही नवी नाही. एक्साइजचे अधिकारी पोलादाच्या भट्ट्यांचं वीजबिल मागवून एक टन इंगटला, म्हणजे ओतीव पोलादाच्या ठोकळ्यांना, किती युनिट लागतात यावरून लपवलेलं उत्पादन काढायचे. तिथे रोग उलटा होता, माल बनवून न दाखवण्याचा. पण मोजपट्टी तीच. नंतर न्यायाधिकरणांनी बजावलं की नुसत्या विजेवरून चोरी सिद्ध होत नाही, जोडीला इतर पुरावा हवा. ते बरोबरच आहे. गुंतवणूकदाराला मात्र काही सिद्ध करायचं नसतं. त्याला फक्त ठरवायचं असतं की या रुपयाला किती पैसे द्यायचे.

ही दुसरी वही आपल्याकडे पूर्वीपासून लिहिली जाते, फक्त गुंतवणूकदारांसाठी नाही. पर्यावरण नियमांखाली कारखान्यांनी दर वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत फॉर्म ५ मध्ये पर्यावरण विवरण मंडळाकडे द्यायचं असतं: पाणी किती, कच्चा माल किती, कचरा किती. काका ते वर्षानुवर्षं भरत आले. "मागच्या वर्षीचा काढायचा, तारीख बदलायची," ते हसत म्हणाले. मग जरा थांबून, "नेहमी नाही हं."

शेअरबाजारापुरती गोष्ट २०१२ पासून सुरू होते. सेबीने आधी सर्वांत मोठ्या १०० सूचीबद्ध कंपन्यांना व्यवसाय जबाबदारी अहवाल द्यायला सांगितलं आणि पुढे ती संख्या वाढवत नेली. त्यात बहुतेक ठिकाणी 'होय' किंवा 'नाही' लिहून भागायचं. मे २०२१ मध्ये त्याजागी बीआरएसआर, म्हणजे व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल, आला आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १,००० कंपन्यांना सक्तीचा झाला. यात आकडे द्यावे लागतात, चालू वर्षाचे आणि मागच्या वर्षाचे. ऊर्जा, पाणी, हवेत सोडलेले वायू, कचऱ्याचा प्रत्येक प्रकार. पर्यावरण कायदा मोडून दंड झाला असेल तर तेही. हा अहवाल नऊ तत्त्वांत विभागलेला असतो, आणि हे सगळं त्यातल्या सहाव्या, पर्यावरणाच्या तत्त्वाखाली येतं. तीनशे पानांची पीडीएफ उघडल्यावर मी थेट तिथे उडी मारते.

बाकी आठ तत्त्वं वाईट नाहीत, पण आजचा विषय तो नाही.

वाचायचं कसं, ते एका काल्पनिक कंपनीवर दाखवते. विक्री ४०० कोटींवरून ४८० कोटींवर गेली, म्हणजे २० टक्के वाढ. बीआरएसआरमध्ये वीज युनिटमध्ये बहुधा नसते, ज्यूलच्या पटीत असते. तिथेच बरेचजण पान उलटतात. एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल, एवढं पुरेसं आहे. मागच्या वर्षी ७२,००० गिगाज्यूल लिहिलंय, म्हणजे २ कोटी युनिट. यंदा ६१,२००, म्हणजे १ कोटी ७० लाख. विक्री वीस टक्के वर, वीज पंधरा टक्के खाली. आता नफा-तोटा पत्रकाच्या टिपांमध्ये वीज आणि इंधनाचा खर्च शोधायचा. तोही घटला असेल तर निदान दोन वह्या एकमेकींशी बोलताहेत. वीज घटली आणि खर्च वाढला, तर दरवाढ किंवा डिझेल किंवा आणखी काहीतरी. कर्बवायूचा आकडाही पडताळता येतो: ग्रिडमधल्या एका युनिटमागे देशात सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला जातो, त्यामुळे २ कोटी युनिटला साधारण १४,००० टन. स्कोप २ च्या, म्हणजे विकत घेतलेल्या विजेपोटीच्या वायूंच्या, रकान्यात भलतंच काही असेल तर सौरऊर्जेचा उल्लेख कुठे आहे ते पाहायचं.

विक्री वाढून वीज घटायची प्रामाणिक कारणंही भरपूर असतात. नवा बॉयलर, चांगली मोटर, मालाचा भाव वाढणं, जास्त किमतीचं पण कमी शिजवायचं उत्पादन. आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात सर्रास चालतं ते जॉबवर्क. सगळ्यांत घाण आणि विजेची भूक असलेली पायरी शेजारच्या छोट्या युनिटकडून करून घ्यायची. विक्री तुमच्या नावावर, वीज आणि गाळ त्याच्या. तो सूचीबद्ध नाही, त्यामुळे बीआरएसआर नाही. ट्रान्सहार्बर लाइनवर रात्रीच्या गाडीने रबाळे ते तुर्भे गेलं की डब्यात जो वास शिरतो, त्यातला किती कुठल्या वार्षिक अहवालात सापडेल, हा विचार मला दर वेळी येतो. पुरवठादारांचीही माहिती द्या, असं सेबीने मोठ्या कंपन्यांना सांगायला सुरुवात केली होती. नंतर ती अट पुढे ढकलली आणि सैल केली. छोट्या युनिटवाल्यांचं ओझं पाहता ते समजण्यासारखं आहे, पण भोक तिथेच राहिलं.

आणखी एक मेख. कंपन्या ऊर्जा किंवा वायू दर रुपया विक्रीमागे किती, हे अभिमानाने दाखवतात. त्यात भागाकार विक्रीने होतो. विक्री फुगवली, की हे गुणोत्तर आपोआप घटतं. म्हणजे खोटी विक्री लिहिणारी कंपनी कागदावर अधिक हिरवी दिसते! म्हणून दर टन मालामागचा आकडा दिला असेल तर तो धरायचा.

हे आकडे तपासतं कोण? सेबीने २०२३ मध्ये त्यातले महत्त्वाचे निवडून 'बीआरएसआर कोअर' केलं आणि बाहेरच्याकडून त्यांची तपासणी सांगितली: २०२३-२४ साठी पहिल्या १५० कंपन्या, मग २५०, ५०० आणि २०२६-२७ साठी १,०००. पुढे नियम सैलावून 'खात्री'ऐवजी 'मूल्यांकन'ही चालेल असं केलं. तपासणाऱ्याने त्याच कंपनीला सल्लागारी विकू नये, ही अट आहे. पण त्याला नेमते कंपनी आणि पैसेही कंपनीच देते.

याचं पुढे काय होतं, ते शेजारच्या गुजरातेत मोजून झालंय. तिथे कारखान्यांनी स्वतः नेमलेल्या ऑडिटरकडून प्रदूषणाचं ऑडिट करून घेण्याची पद्धत होती. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थतज्ज्ञांनी तिथे प्रयोग केला. नेहमीच्या पद्धतीत ऑडिटरच्या लेखी धुळीची मर्यादा ओलांडणारे कारखाने फक्त ७ टक्के होते. पुन्हा मोजल्यावर ५९ टक्के निघाले. ऑडिटरांचे आकडे मर्यादेच्या अगदी खाली दाटीवाटीने बसलेले, पस्तीसला पास झालेल्या वर्गासारखे. मग काही कारखान्यांत ऑडिटर चिठ्ठी टाकल्यासारखा ठरवला, पैसे सामायिक निधीतून दिले, काही मोजण्या पुन्हा केल्या. खोटा 'पास' देण्याचं प्रमाण ८० टक्क्यांनी घसरलं, आणि त्या कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं. हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं.

काकांना यात नवल वाटलं नाही. "बोर्डाची गाडी गेटवर आली की वॉचमन आधी आम्हाला फोन करायचा. मग टाकीत ताजं पाणी." कुठल्या कारखान्यात, ते मी विचारलं नाही.

मग अशी माहिती देणाऱ्या कंपन्यांच्या नफ्यावर बाजार खरंच जास्त विश्वास ठेवतो का? अभ्यासकांचं एकमत नाही, आणि ते नसणंच मला उद्बोधक वाटतं. २०१२ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात सामाजिक जबाबदारीत पुढे असलेल्या कंपन्या नफ्याच्या अंदाजांशी कमी खेळतात असं दिसलं. त्याआधी, २००८ मध्ये, स्पेनमधल्या संशोधकांनी २६ देशांतल्या ५९३ कंपन्या पाहून उलटं सांगितलं होतं: नफा हलवणारे व्यवस्थापक चांगुलपणाची शाल पांघरतात. आपल्याकडे शालीचं उदाहरण शोधावं लागत नाही. सत्यम या आयटी कंपनीला सप्टेंबर २००८ मध्ये उत्तम कारभाराचं गोल्डन पीकॉक पारितोषिक मिळालं. ७ जानेवारी २००९ ला तिचे संस्थापक रामलिंग राजू यांच्या पत्रातून कळलं की ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोकड आणि बँकशिल्लक अस्तित्वातच नाही.

शिवाय इथे एक गंमत आहे. कंपनीने वर्षभर खरी आणि बारीक माहिती दिली, तर निकालाच्या दिवशी नवं असं काही उरत नाही. भाव हलत नाही. नफ्याच्या रुपयाला बाजार किती पैसे देतो, या मापावर ते अविश्वासासारखंच दिसतं. त्यामुळे एकाच आकड्यावरून 'बाजार मानतो' किंवा 'मानत नाही' म्हणणारे लेख मी चिमूटभर नाही, मूठभर संशयाने वाचते.

ऑगस्टमध्ये काकांच्या त्या कंपनीचा वार्षिक अहवाल आला. आम्ही दोघं डायनिंग टेबलावर कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. विक्री वाढलेली, वीज घटलेली. काका म्हणाले, "वीज राहू दे. स्लज बघ." ईटीपीचा गाळ जवळपास अर्ध्यावर आला होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "अगं, वीज एकवेळ वाचवता येते. माल तेवढाच असताना गाळ अर्धा होत नाही. प्रक्रिया बाहेर गेली असणार."

टिपांमध्ये शोधायला पाऊण तास लागला. 'इतर खर्च' या मथळ्याखाली प्रक्रिया शुल्काची एक ओळ होती. मागच्या वर्षी चार कोटी, यंदा एकोणीस. विक्री खरी होती. कच्चा टप्पा कुठल्यातरी छोट्या युनिटकडे गेला होता, आणि त्याचं कन्सेंट, म्हणजे प्रदूषण मंडळाची परवानगी, रद्द झालं तर या कंपनीचा माल थांबणार होता, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

काकांनी शेअर विकले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते जुन्या सहकाऱ्यांना फोन लावत बसले होते, ते काम कोणाकडे गेलंय ते शोधायला.